हरीण राजाचं, कालवं गरिबाची

मंडळी, दिवाळी अंकात चकली का फसते आणि अनारसा का विरघळतो यावर लेख असतात, आणि ते असायलाच हवेत. यंदा मी थोडा रसभंग करणार आहे. विषय खाण्याचाच आहे, पण गहू नाही, तांदूळ नाही, साखर नाही, इतकंच काय डाळसुद्धा नाही अशा खाण्याचा. 'प्रायमल डाएट' हे नाव एव्हाना तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलं असेल. शेती सुरू होण्याआधी माणूस जे खात होता ते खा, एवढंच त्याचं सूत्र. १९८५ साली ईटन आणि कॉनर या दोन अमेरिकन संशोधकांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ही कल्पना मांडली, २००२ साली लॉरेन कॉर्डेनच्या पुस्तकामुळे ती 'पॅलिओ' नावाने घरोघरी गेली, आणि २००९ साली मार्क सिसनने लोणी-चीजला थोडी सूट देऊन तिचं 'प्रायमल' असं बारसं केलं.

हे खूळ म्हणून सोडून देता आलं असतं. पण आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात चहाच्या रांगेत उभं राहून बघा, 'बिनसाखरेचा आहे का?' असं विचारणारे आता चाळिशीच्या अलीकडचेही असतात. आपल्याकडच्या लोकांना मधुमेहाचा धोका इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त, आणि तोही कमी वजनात. म्हणूनच इथले डॉक्टर आपल्याला वजनाची मर्यादा खालची लावतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या रक्ताचा रिपोर्ट बघून जीपीने भुवया उंचावल्या, आणि त्याच सुमारास ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला ही प्रायमलची यादी पाठवली. यादीत कॅलिफोर्नियाच्या बदामाचं पीठ होतं, पेरू देशातले अवोकाडो होते, स्टेक होते, आणि आपण लहानपणी डोक्याला थापत होतो ते खोबरेल तेल सोनेरी झाकणाच्या बरणीत होतं. दोन मुलं, घराचे हप्ते आणि नर्सरीची फी यांच्या बेरजेत ही यादी बसणारी नव्हती. शिवाय एक साधा प्रश्न पडला. ब्रिटनच्या आदिमानवाने अवोकाडो कधी पाहिला होता? मग तो खात काय होता? आणि त्याचं जे काही खाणं होतं, ते इथल्या सामान्य माणसाच्या ताटातून केव्हा आणि कसं गेलं? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सवयच असते, जुनी सिस्टीम बंद का पडली हे लॉग उघडून बघायची. तसंच हे केलं.

सगळ्यात जुना साक्षीदार सॉमरसेटमध्ये सापडतो. चेडर गावाजवळच्या गॉफ्स केव्ह नावाच्या गुहेत १९०३ साली एका माणसाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला. सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा हा 'चेडर मॅन'. २०१८ साली त्याच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा पेपरवाल्यांनी त्याच्या सावळ्या कातडीवर आणि निळ्या डोळ्यांवर रकानेच्या रकाने भरले. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त गमतीची वाटली. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता त्याच्यात नव्हती. म्हणजे ज्या गावाने जगाला चेडर चीज दिलं, त्या गावचा हा आद्य रहिवासी चीज खाऊन बहुधा पोट धरून बसला असता. त्याच गुहेत त्याच्याही आधीची, सुमारे १४,७०० वर्षांपूर्वीची हाडं आहेत. त्यात रानटी घोडे आणि सांबरासारखी मोठी तांबडी हरणं आहेत, आणि माणसांची हाडंही आहेत, ज्यांच्यावर दगडी सुरीच्या आणि दातांच्याही खुणा आहेत. पूर्वजांचा आहार विकणारी पुस्तकं हा भाग सोयीस्करपणे गाळतात, ते एका अर्थी बरंच आहे.

यॉर्कशायरमध्ये स्कारबरोजवळ स्टार कार नावाची जागा आहे. एके काळी तिथे तळं होतं. त्या तळ्याकाठी सुमारे ११,००० वर्षांपूर्वी राहिलेल्या लोकांच्या वस्तू ग्रॅहम क्लार्क यांनी १९४९ ते १९५१ या काळात उकरून काढल्या. तांबडं हरीण, छोटं रो हरीण, रानडुक्कर, एल्क, आणि आता पृथ्वीवरून नाहीसा झालेला ऑरॉक्स हा रानटी बैल, असा तिथला मेन्यू. स्कॉटलंडच्या पश्चिमेला कोलन्से बेटावर याहून वेगळीच गोष्ट सापडली. एक मोठा खड्डा, आणि त्यात भाजलेल्या हेझलनटच्या टरफलांचा ढीग. काजू भाजायची भट्टी कोकणात ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. शेजारच्या ओरन्से बेटावर तर शिंपल्यांचे उकिरडेच आहेत, माणसाने खाऊन टाकलेल्या शिंपल्यांच्या टेकड्या, आणि त्यात माशांची बारीक हाडं. म्हणजे या बेटाचं खरंखुरं 'प्रायमल' जेवण म्हणजे हरीण, डुक्कर, मासे, शिंपले, हेझलनट आणि रानातला पाला-फळं. स्टेक त्यात नव्हताच, कारण गाय अजून आलीच नव्हती.

इ. स. पूर्व ४०००च्या आसपास शेती आली, सोबत गुरं, मेंढ्या आणि गहू-जव आले. आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडली. हाडांच्या रासायनिक तपासणीतून २००३ साली असं दिसलं की शेती आल्यावर समुद्रकाठच्या लोकांनीसुद्धा समुद्राचं खाणं जवळजवळ सोडून दिलं. मडक्यांच्या चिकटलेल्या थरातून नंतर जो पुरावा आला तोही तेच सांगतो, त्यात दुधाचे अंश मिळाले, माशांचे मात्र नगण्य. चारी बाजूंनी मासळी असलेल्या बेटावरच्या लोकांनी मासळीकडे पाठ फिरवली! रत्नागिरीच्या माणसाला हे ऐकूनच गलबलून येईल. असं का झालं यावर विद्वान अजून वाद घालताहेत. मला एवढंच दिसतं, की माणूस काय खातो ते फक्त आसपास काय मिळतं यावर ठरत नाही, आणि हे ६,००० वर्षांपूर्वीही असंच होतं.

पुढची काही हजार वर्षं मी ओलांडून जातो. कारण रानातलं खाणं गरिबाच्या हातून सुटलं त्याची कागदोपत्री नोंद १०६६ नंतर, नॉर्मन राजांपासून लागते. विल्यम आणि त्याच्या मुलांनी 'फॉरेस्ट' हा शब्द इंग्लंडला दिला, आणि त्याचा अर्थ झाडी असा नव्हताच. फॉरेस्ट म्हणजे राजाच्या शिकारीचा कायदा जिथे चालतो तो मुलूख, त्यात माळरान, शेतं, अख्खी गावंही यायची. त्या मुलखात हरणाला हात लावणं म्हणजे डोळे किंवा हात-पाय गमावण्याची तयारी ठेवणं. गावकऱ्याच्या कुत्र्यानेही हरणामागे धावू नये म्हणून त्याच्या पुढच्या पंजाची तीन नखं तोडत असत.

१२१५च्या मॅग्ना कार्टाबद्दल आपण सगळे ऐकून असतो, मुलांच्या शाळेची रनीमीडला सहलही जाते. पण पोटाच्या दृष्टीने महत्त्वाचा कागद त्यानंतर दोन वर्षांनी, ६ नोव्हेंबर १२१७ रोजी निघाला. त्याचं नाव 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट'. तेव्हा गादीवर दहा वर्षांचा तिसरा हेन्री होता. या सनदेने ठरवलं की यापुढे राजाच्या हरणापायी कोणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही. दंड होईल, दंड भरायला काही नसेल तर एक वर्ष आणि एक दिवस तुरुंग. स्वतंत्र माणसाला आपल्या रानातला मध घेता येईल, ओकची फळं खायला आपली डुकरं रानात सोडता येतील. मधाचा आणि डुकराच्या चाऱ्याचा हक्क राज्याच्या सनदेत लिहावा लागतो, यावरूनच तो किती हिसकावला जात होता ते कळतं. या सनदेच्या मूळ प्रती लिंकन आणि डरहॅमला जपून ठेवल्या आहेत. आणि ती कायद्याच्या पुस्तकातून पुरती निघाली कधी, तर १९७१ साली.

हरणाचं भांडण मात्र मिटलं नाही, ते राजाकडून जमीनदाराकडे सरकलं. १६७१च्या शिकार कायद्याने ठरवलं की रानससा, तितर, फेझंट मारायचा हक्क साधारणपणे ज्याची स्वतःच्या जमिनीतून वर्षाला १०० पौंडांची मिळकत आहे त्यालाच. त्या काळात परगण्यात खासदार निवडण्यासाठी ४० शिलिंगांची, म्हणजे २ पौंडांची मिळकत पुरायची. सरळ हिशेब करा. ससा मारायची पात्रता मत द्यायच्या पात्रतेच्या पन्नासपट! १७५५ पासून तर अशी शिकार विकण्यावरही बंदी आली, म्हणजे पैसे मोजूनही ती मिळू नये. १७२३च्या 'ब्लॅक अ‍ॅक्ट'ने चेहऱ्याला काळं फासून हरीण चोरणाऱ्याला फाशीची शिक्षा ठेवली. मिळकतीची अट गेली १८३१ साली, आणि स्वतः कसत असलेल्या शेतातले ससे मारण्याचा पक्का हक्क कुळाला मिळाला १८८० साली. तोवर पीक कुळाचं, पीक खाणारा ससा मालकाचा.

याच दरम्यान गावाची सामायिक जमीनही कुंपणात गेली. पार्लमेंटच्याच आकडेवारीप्रमाणे १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून जास्त कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन बंदिस्त झाली. ज्या गायरानात एक गाय, दोन बदकं, सरपण आणि मूठभर ब्लॅकबेरी मिळत होत्या, तिथे आता फाटक आणि पाटी. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १८७८च्या जंगल कायद्याने राखीव जंगलांची हीच व्यवस्था हिंदुस्थानभर पक्की केली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर जो संताप काढला आहे तो वाचताना मला सतत इंग्लंडातल्या या कुंपणांची आठवण होत होती. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला आपल्या रानावरचा सामूहिक हक्क कागदावर मिळाला तो २००९ साली.

रान गेलं, पण समुद्राला कुंपण घालता येत नव्हतं. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातल्या लंडनचा गरीब माणूस काय खायचा हे वाचून मी उडालो. कालवं! आज पांढऱ्या टेबलक्लॉथवर बर्फात मांडून डझनाच्या भावाने येतात तीच ऑयस्टर. हेन्री मेह्यूने १८५१च्या सुमारास लंडनच्या फेरीवाल्यांचा हिशेब मांडला, त्यात वर्षाला १२ कोटी ४० लाख कालवं, पेनीला चार या दराने, गाडीवर विकली जात होती. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधला सॅम वेलर तर गरिबी आणि कालवं नेहमी जोडीनेच दिसतात असं निरीक्षण नोंदवतो. मग खाड्या ओरबाडून झाल्या, त्यात सांडपाणी आणि रोगराई, आणि शतक संपता संपता कालव श्रीमंताच्या ताटात गेलं. इथल्या मूळ जातीच्या कालवांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त संपली असं मानतात.

हेरिंगची गोष्ट याच्या उलट. हा आपल्या तारलीच्या गोतातला, तेलकट, काटेरी, चविष्ट मासा. १९१३ साली ग्रेट यारमथ आणि लोस्टॉफ्टच्या बंदरांत त्याचा जो हंगाम झाला तसा पुन्हा कधी झाला नाही. बोटींच्या मागोमाग स्कॉटलंडहून हजारो मुली आगगाडीने किनाऱ्या-किनाऱ्याने खाली यायच्या, बोटांना चिंध्या बांधून मिनिटाला पन्नास-साठ मासे साफ करायच्या. कोळीवाड्यातल्या बायकांचे हात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा आकडा खोटा वाटणार नाही. पण पिंपात खारवलेला बराचसा माल जर्मनीला आणि रशियाला जायचा. महायुद्धाने ती गिऱ्हाइकं तोडली. पुढे यांत्रिक बोटींनी समुद्र इतका उपसला की १९७७ साली नॉर्थ सीमध्ये हेरिंग पकडण्यावरच बंदी घालावी लागली. काही वर्षांनी मासा परत आला, पण तोवर इथल्या गृहिणीची सवय गेली होती.

शहरातल्या कामगाराचं मग काय उरलं? पाव, चहा, साखर आणि भाजलेल्या मांसातून गळलेली चरबी पावाला लावून. (त्या साखरेतली काही मॉरिशसहून यायची, आणि तिथल्या उसाच्या मळ्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडून गेलेले आपले लोकही राबत होते, हा आपल्या सगळ्यांच्या इतिहासाचा धागा.) १९१३ साली मॉड पेंबर रीव्ह्ज यांचं लंडनच्या लँबेथ भागातल्या कुटुंबांवर पुस्तक आलं. आठवड्याला एखाद्या पौंडात घर चालवणाऱ्या त्या बायकांचे हिशेब वाचवत नाहीत. मांस आणायचं ते मुख्यतः कमावत्या पुरुषासाठी. बाई आणि मुलं पाव-बटाट्यावर. 'आधी त्यांचं होऊ दे' म्हणत शेवटी तव्यावरचा उरलेला तुकडा खाणाऱ्या आपल्या आज्या आठवतात ना? भाषा वेगळी, स्वयंपाकघर तेच. १९३६ साली जॉन बॉइड ऑर यांनी दाखवून दिलं की देशातले सगळ्यात गरीब ४५ लाख लोक माणशी आठवड्याला ४ शिलिंगांत खातात, आणि त्यात शरीर नीट पोसत नाही.

यात तग धरून राहिलं ते प्राण्याचं 'आतलं'. काळीज, गुर्दे, जीभ, पाया, आणि लँकेशायरमध्ये ट्राइप, म्हणजे चक्क आपली वजडी, फक्त गायीची. उत्तर इंग्लंडात ट्राइपची स्वतंत्र दुकानं आणि उपाहारगृहं होती. जॉर्ज ऑर्वेल विगनला ज्या खोलीत राहिला ती ट्राइपच्या दुकानावरच होती. त्याचं १९३७चं वर्णन मात्र जेवणापूर्वी वाचू नये. दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४० पासून मांसाचं रेशन झालं, मोठ्या माणसाला आठवड्याला १ शिलिंग १० पेन्सचं. पण काळीज-गुर्दे बहुतेक काळ रेशनबाहेर होते, मासे आणि ससेही. शाळेतली मुलं कुंपणावरच्या रानगुलाबाची फळं गोळा करायची, त्यातून 'क' जीवनसत्त्वाचं सरबत बनायचं. युद्धाने या देशाला त्याचं रान थोडा वेळ परत दाखवलं, असं मला वाटतं. रेशन १९५४च्या जुलैत संपलं. त्याआधीच, १९५३ साली, केंटमध्ये सशांचा मिक्सोमॅटोसिस रोग पोचला होता आणि बघता बघता देशातले बहुतेक ससे मेले. डोळे सुजलेले ससे रस्त्यावर पाहिलेल्या पिढीला सशाचा घास पुन्हा गोड लागला नाही. शेवटचा घाव गायींच्या बीएसई रोगाचा. १९८९ साली मेंदू, प्लीहा, आतडी वगैरे माणसाच्या अन्नातून काढली गेली, २० मार्च १९९६ रोजी सरकारने माणसांतल्या नव्या आजाराशी त्याचा संबंध असल्याचं मान्य केलं, आणि त्या आजाराने पुढे या देशात १७८ बळी घेतले. त्यानंतर 'आतलं' म्हटलं की इथला तरुण तोंड वाकडं करतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

आता पुन्हा माझ्या यादीकडे. ज्या हरणापायी माणसं लटकली ती हरणं आज ब्रिटनमध्ये सुमारे २० लाख असावीत असा अंदाज आहे. लांडगे कधीच संपलेत, त्यामुळे ती रोपटी खाऊन रानच संपवताहेत, आणि ती खा असा आग्रह आता सरकारदरबारातूनच होतो. त्यातलं मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचं चिनी भावंडं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वोबर्नच्या ड्यूकने हौसेने आणलं, ते निसटलं आणि दक्षिण इंग्लंडभर पसरलं. सह्याद्रीतल्या भेकराला १९७२च्या कायद्याचं संरक्षण आहे, तिथे त्याचा विचारही नको. इथे मात्र त्याच्या या भावंडाचा खिमा गावातल्या खाटकाकडे रीतसर मिळतो, आणि मेथी घालून फर्स्टक्लास होतो. चरबी कमी असते, तेव्हा तेलाला हात आखडता नको.

स्वस्ताईचं म्हणाल तर नोव्हेंबर-डिसेंबरात स्प्रॅट शोधा. मांदेलीएवढे, किनाऱ्यावरचेच मासे, तिखट-मीठ-हळद लावून तव्यावर. प्रायमलमध्ये रवा चालत नाही, एवढं एक दुःख. दोरावर वाढवलेले स्कॉटिश मसल्स, म्हणजे मालवणकडचे शिनाणे, किलोभर आणले तरी स्टेकच्या पासंगाला लागत नाहीत. मॅकरेल बांगड्याचा भाऊ असला तरी सध्या त्याचीही जादा मासेमारी होते आहे, म्हणून आम्ही त्याऐवजी हेरिंग आणतो. बकऱ्याचं नाही तरी मेंढीचं काळीज, गुर्दे, पाया हे हलाल खाटकाकडे ताजे आणि स्वस्त मिळतात. साउथॉल, लेस्टर, ब्रॅडफर्डमध्ये या वस्तूंचं गिऱ्हाईक टिकवलं ते आपल्या उपखंडातल्या लोकांनीच. फक्त गरोदर बायकांनी काळीज खाऊ नये, त्यातलं 'अ' जीवनसत्त्व बाळाला जास्त होतं. आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, भात-पोळी एकदम बंद केल्यावर साखर धाडकन खाली येऊ शकते.

शाकाहारी वाचक एव्हाना पान उलटून गेले नसतील तर त्यांच्यासाठीही बरंच आहे. केंटमधले कॉबनट, म्हणजे कोलन्सेच्या त्या हेझलनटची बागेतली जात, ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत हिरव्या सालीसकट मिळतात, ओल्या काजूसारखे लागतात. केल, कोबी, टर्निप हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या बाजारात मातीमोल असतात. वसंतात रानलसूण आणि खाजरी नेटल. नेटल हातमोजे घालून तोडायची, कोवळे शेंडेच घ्यायचे, उकळत्या पाण्यात टाकली की खाज जाते. मग लसणीची फोडणी देऊन पालकासारखी भाजी. आमच्या हिने पहिल्यांदा केली तेव्हा मुलांना सांगितलंच नाही.

आणि हे तोडायचा हक्क? १९६८च्या चोरीच्या कायद्यात त्याचं एक छोटं कलम आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुणाच्याही जमिनीवर आपोआप उगवलेली फळं, फुलं, पानं आणि अळंबी विकण्यासाठी नव्हे तर घरासाठी तोडली, तर ती चोरी नाही. मुळासकट उपटायला मात्र मालकाची परवानगी लागते, आणि कुंपण ओलांडून जाण्याची मुभाही हे कलम देत नाही. एपिंग फॉरेस्टसारख्या काही ठिकाणी अळंबीला स्थानिक नियमाने बंदी आहे, आणि ओळख पटल्याशिवाय अळंबीच्या वाटेला जाऊच नये. बाकी सप्टेंबरात सार्वजनिक पायवाटेच्या कडेने ब्लॅकबेरी तोडायला लागा. आमच्या इथे कालव्याच्या काठाने दोन डबे सहज भरतात, फक्त कुत्री फिरवतात त्या उंचीच्या वरच्या घ्याव्यात.